गोमंतकाचा मुक्तिसंग्राम आणि आपण भगिनी

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने चार शब्द बोलावेत असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदाची पाळी चिटणीसताईंनी माझ्यावर टाकली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि आयुष्य घर, मुले नि पाहुणेरावळे यांत गेलेले. तेव्हा विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून होणे नाही. जे वाचले आणि वाचून मनाला लागले, तेवढेच सांगणार आहे. विषय घेतला आहे गोव्याच्या स्वातंत्र्याचा. तो ऐकताच दोघीतिघींनी विचारले, "अहो, आपण नागपूरच्या. गोवा कुठे नि आपण कुठे? गोवा म्हणजे समुद्र नि काजू, सहलीला जाण्याची जागा." त्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते.

15 ऑगस्ट 1947 रोजी आपण स्वतंत्र झालो. दारोदार तोरणे लागली, मुलांना मिठाई मिळाली. त्याच दिवशी आपल्याच देशातला एक तुकडा परक्याच्या ताब्यात होता आणि पुढे चौदा वर्षे चार महिने तसाच राहिला. तो तुकडा म्हणजे गोवा, आणि त्याच्यासोबत दमण व दीव; दादरा व नगर हवेली मात्र 1954 सालीच सुटले. एका घरातल्या बहिणींपैकी एक सुटून घरी यावी आणि दुसरी कोंडलेलीच राहावी, तसे ते झाले. इंग्रज गेले, पण पोर्तुगीज गेले नाहीत. ते म्हणत, गोवा हा हिंदुस्थानचा भागच नव्हे, तो पोर्तुगालचाच समुद्रापलीकडचा प्रांत आहे! ही परवशता थोडीथोडकी नव्हती. 1510 साली आल्बुकर्कने गोवा जिंकला आणि 1961 साली तो सुटला. साडेचारशे वर्षांचा हिशोब होतो. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्या एकशेवीस वर्षे आधीपासून पोर्तुगीज तिथे ठाण मांडून बसले होते.

कोणी म्हणेल, इतकी वर्षे लोक गप्पच बसले असतील. तसे नाही. सत्तरी महालातल्या राण्यांनी वारंवार बंडे केली. दीपाजी राणे यांनी 1852 मध्ये नाणूसचा किल्ला घेतला आणि तीन वर्षे सरकारला झुंजविले. पुढे 1895 मध्ये दादा राणे उठले. 1928 साली त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी गोवा काँग्रेस समिती काढली. ते ख्रिस्ती होते. मी हे मुद्दाम सांगते, कारण गोव्याचा लढा एका धर्माचा होता अशी समजूत काहींची असते. ती चुकीची आहे. त्यात हिंदूही होते, ख्रिस्तीही होते, आणि तुरुंगाने दोघांत भेद केला नाही.

आता मला सांगा भगिनींनो, पारतंत्र्य म्हणजे काय? पुस्तकात मोठेमोठे शब्द असतात, ते माझ्या डोक्यावरून जातात. पण एक गोष्ट वाचली आणि मला सारे उमगले. पोर्तुगालमध्ये सालाझार नावाचा हुकूमशहा होता. त्याच्या राजवटीत गोव्यात काहीही छापायचे तर आधी सरकारी तपासनिसाला दाखवावे लागे. अगदी लग्नपत्रिकासुद्धा! आपल्या घरी लग्न निघाले की आपण पहिली पत्रिका देवापुढे ठेवतो. तिथे ती आधी सरकारपुढे ठेवावी लागे. लेकीच्या लग्नाला कोणाला बोलवायचे, कोणत्या शब्दांत बोलवायचे, हे सरकार पाहणार. सभा भरवायची तर परवानगी, बोलायचे तर परवानगी. जिथे आईला आपल्या लेकीच्या लग्नाचे दोन शब्दही मोकळेपणी छापता येत नाहीत, तिथे पारतंत्र्य उंबरा ओलांडून माजघरात आले, असे समजावे.

म्हणूनच 18 जून 1946 चा दिवस तिथे इतका मोठा मानतात. डॉ. राममनोहर लोहिया तुरुंगातून नुकतेच सुटले होते आणि विश्रांतीसाठी असोळणे गावी आपले मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे उतरले होते. लोक भेटायला येऊ लागले, आपली गाऱ्हाणी सांगू लागले. ती ऐकून विश्रांती राहिली बाजूला आणि मडगावला सभा ठरली. पावसाचे दिवस, बंदी मोडून लोक जमलेले. तिथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने पिस्तूल काढले, तर लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. लोहिया आणि मिनेझिस यांना पकडून नेले. पुढाऱ्यांना पकडले म्हणजे लोक पांगतील, असा सरकारचा हिशोब होता. तो एका तरुण मुलीने चुकविला. वत्सला कीर्तनी तिचे नाव. ती पुढे झाली, 'जय हिंद'चा घोष केला आणि पकडली गेली. मग आणखी बायका चौकीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तिला सोडा, नाहीतर आम्हालाही आत घ्या. ज्या काळी घरातली बाई बाजारात एकटी जायला कचरत होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. आज त्या जागेला लोहिया मैदान म्हणतात.

त्यानंतर धरपकड सुरू झाली. कुन्हांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून आठ वर्षांची शिक्षा दिली आणि समुद्र ओलांडून पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांनाही तसेच धाडले. 1954 साली डॉ. पुंडलिक गायतोंडे एका मेजवानीला होते. कोणी पाहुणा बोलता बोलता गोवा हे पोर्तुगालच आहे असे म्हणाला. डॉक्टर एवढेच म्हणाले, "मी निषेध करतो." तेवढ्यावरून त्यांना पकडले आणि पोर्तुगालला पाठविले. त्यांच्या पत्नी एडिला या जन्माने पोर्तुगीज. माहेर त्या देशाचे आणि नवरा त्याच देशाचा कैदी! त्या बाई नवऱ्याच्या आणि गोव्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. आपले भांडण राजवटीशी होते, माणसांशी नव्हते, हे त्यांच्याकडे पाहिले की कळते.

त्याच 1954 साली एक मोठी गोष्ट घडली. दादरा आणि नगर हवेली हा मुलूख गुजरात-महाराष्ट्राच्या सीमेवर, समुद्रापासून आत आहे. 22 जुलैला दादरा सुटले आणि 2 ऑगस्टला सिल्व्हासा सुटले. हे काम सरकारी फौजेने केले नाही, ते स्वयंसेवकांनी केले. गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांत होते, राजाभाऊ वाकणकर होते, पुढे शिवशाहीर म्हणून नावाजलेले बाबासाहेब पुरंदरे होते. पैसा उभारण्यासाठी लता मंगेशकर यांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला. ज्यांचे गाणे ऐकत आपण स्वयंपाक करतो, त्यांच्या गळ्याने एका मुलखाच्या स्वातंत्र्याला हातभार लावला. पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात दावा लावला. 1960 च्या एप्रिलमध्ये निकाल लागला की शस्त्रधारी सैन्य भारतातून नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही. तोपर्यंत आणि त्यानंतरही, 11 ऑगस्ट 1961 ला भारतात विलीन होईपर्यंत, तिथल्या लोकांनी आपल्या वरिष्ठ पंचायतीमार्फत सात वर्षे कारभार चालविला.

गोव्याचे मात्र इतके सोपे नव्हते. तिथे फौज होती, बंदर होते. 6 एप्रिल 1955 रोजी म्हापशाला नॅशनल काँग्रेस गोवाचे अधिवेशन भरले. बंदी असताना, भर दिवसा. अध्यक्षपदी होत्या सुधाताई जोशी. आपण ज्यांचा भारतीय संस्कृती कोश वाचनालयात पाहतो, ते पंडित महादेवशास्त्री जोशी त्यांचे पती. 'मानिनी' हा चित्रपट त्यांच्याच कथेवरचा. शास्त्रीबुवांचे नाव महाराष्ट्राच्या घराघरात आहे, सुधाताईंचे किती जणींना ठाऊक आहे? त्या पुण्याचे घरदार सोडून गोव्यात गेल्या, अध्यक्षा म्हणून उभ्या राहिल्या आणि तिथेच पकडल्या गेल्या. पकडले जाणार हे त्यांना निघतानाच ठाऊक होते. आपण माहेरी चार दिवस निघालो तरी डाळतांदूळ कुठे, दूध किती घ्यायचे, हे दहा वेळा सांगून निघतो. त्या माउलीने निघताना काय काय सांगितले असेल, आणि काय न सांगताच निघाल्या असतील!

पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती झाली होती. केशवराव जेधे आणि जयंतराव टिळक हे तिचे पुढारी. 18 मे 1955 ला सेनापती बापट आणि ना. ग. गोरे पहिली तुकडी घेऊन गोव्यात शिरले. सेनापती तेव्हा सत्तरी ओलांडलेले. मागून शिरूभाऊ लिमये, जगन्नाथराव जोशी, मधु लिमये गेले. समाजवादी, जनसंघाचे, कम्युनिस्ट असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक एका वाटेने चालले. त्यांना अमानुष मारहाण झाली, दहा-दहा वर्षांच्या शिक्षा झाल्या. त्याआधी फेब्रुवारीत अस्नोड्याचे तरुण बाळा राया मापारी पोलिसांच्या कोठडीत छळाने गेले. गोव्याच्या लढ्याचे पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे नाव घेतात.

आता 15 ऑगस्ट 1955 ची गोष्ट ऐका, कारण इथे आपल्या नागपूरचा धागा येतो. त्या दिवशी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही हातात तिरंगा घेऊन सीमेवरून आत शिरले. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे ठार झाली. पंजाबातल्या ईसडू गावचे कर्नैलसिंग पत्रादेवीला पडले. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ पडले. आणि त्याच दिवशी तिरंगा हाती घेऊन एक बाई पुढे झाली, तिला गोळ्या लागल्या. तिचे नाव सहोद्राबाई राय. ती सागर-दमोहकडची. भगिनींनो, 1955 साली मध्य प्रदेशाची राजधानी आपले नागपूर होते. सागर आणि दमोह आपल्याच प्रांतात होते. 1 नोव्हेंबर 1956 ला प्रांतांची नवी वाटणी झाली तेव्हा ते तिकडे आणि आपण इकडे झालो. म्हणजे गोव्याच्या सीमेवर गोळ्या झेलणारी ती बाई आपल्या प्रांतातली होती. ती वाचली, आणि 1957 साली सागरहून लोकसभेवर निवडून गेली.

आणि तिच्या हातातला झेंडा तरी कुठला? 1923 साली याच नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्सकडे राष्ट्रीय झेंडा न्यायला इंग्रजांनी बंदी केली होती. 1 मे पासून ऑगस्टपर्यंत रोज स्वयंसेवक झेंडा घेऊन निघत आणि पकडले जात. हजाराहून अधिक माणसे तुरुंगात गेली. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांनी त्यात स्वतःला अटक करवून घेतली. झेंडा हातात धरून, उलट हात न उगारता पुढे चालायचे, हा पाठ नागपूरच्या रस्त्यावर बत्तीस वर्षे आधी गिरविला गेला होता. आता मला सांगा, गोवा आपल्यापासून लांब आहे का?

त्या गोळीबारानंतर आपल्या सरकारने सत्याग्रह थांबविला आणि सीमा बंद केली. मला इथे एक प्रश्न पडतो, तो मनमोकळेपणाने मांडते. निःशस्त्र माणसांना मरणाच्या तोंडी पाठवून मग दार लावून घेणे योग्य होते का? काही म्हणतात, पंडितजींनी फौज आधीच पाठवायला हवी होती. काही म्हणतात, जगात शांततेची भाषा बोलणाऱ्या देशाने इतक्या लवकर शस्त्र उचलले असते तर आपल्या शब्दाला कोणी किंमत दिली नसती. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण त्या सहा वर्षांची किंमत कोणी मोजली, हे विसरू नये. आगगाडी बंद झाली, व्यापार बंद झाला, जायला-यायला परवाना आला. ज्या बाईचे सासर पेडण्यात आणि माहेर सावंतवाडीकडे, तिने सणाला भावाची वाट कशी पाहिली असेल? बटाटे हॉलंडहून आणि चहा सिलोनहून गोव्याच्या बाजारात येऊ लागला. सरकारांचे डावपेच चालतात तेव्हा त्यांची झळ शेवटी चुलीपर्यंत येते, हे आपल्याइतके कोणाला कळणार?

बाहेरची वाट बंद झाल्यावर आतल्यांनी काय केले? सिंधूताई देशपांडे पुण्याहून जाऊन भूमिगत काम करीत होत्या. मित्रा बीर यांनी तुरुंग भोगला आणि पुढे मुलींसाठी शाळा काढल्या. पत्रके लपविणे, निरोप पोचविणे, रात्री-अपरात्री आलेल्याला जेवू घालणे आणि सकाळी पोलीस आले तर काहीच न घडल्यासारखे सडा घालत राहणे, ही कामे नाव नसलेल्या बायकांनी केली.

आणि एक आवाज होता. 25 नोव्हेंबर 1955 पासून सीमेलगतच्या जंगलातून एक गुप्त रेडिओ चालू झाला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे तो चालवीत. सहा वर्षे! रानात, पावसापाण्यात, विंचूकाट्यात, रोज ठरल्या वेळी गोव्याच्या लोकांना खरी बातमी सांगायची. तपासनिसाच्या कात्रीला पोचता येणार नाही अशी ही एकच वाट होती. ज्या दिवशी गोवा सुटला, त्या दिवशी लिबियाताई आणि वामनराव विमानातून, ध्वनिक्षेपकावरून लोकांना ती बातमी सांगत गोव्यावर फिरले. पुढे दोघांनी लग्न केले. 2025 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, लिबियाताईंना पद्मश्री जाहीर झाली. चांगले झाले, पण शंभर वर्षे जगल्या म्हणून त्यांना ते पाहता आले. ज्या साठीत, सत्तरीत गेल्या, त्यांचे काय?

शेवटी 18 डिसेंबर 1961 ला भारतीय फौज शिरली. छत्तीस तासांत काम आटोपले. 19 डिसेंबरच्या संध्याकाळी गव्हर्नर वासाल इ सिल्वा यांनी शरणागती लिहून दिली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता. त्यांनी तो मानला नाही, आणि त्याबद्दल स्वदेशी त्यांना लष्करातून काढले गेले. शत्रूच्या या माणसाने रक्तपात टाळला, हेही आपण नोंदून ठेवावे.

पण सगळ्यांची सुटका छत्तीस तासांत झाली नाही. सांगलीकडचे मोहन रानडे मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात गेले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. 1955 मध्ये बेतीच्या चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन सापडले. त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात नेले, कित्येक वर्षे एकांतात ठेवले. गोवा सुटला 1961 ला, ते सुटले 1969 च्या जानेवारीत! सात वर्षे आपण गोव्याचा मुक्तिदिन साजरा करीत होतो आणि ज्याने त्यासाठी गोळी खाल्ली तो परक्या कोठडीत होता. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके सतत खटपट करीत राहिले.

आता एक नाजूक गोष्ट. गोवा सुटल्यावर महाराष्ट्रातल्या पुष्कळांना वाटले, गोवा आता महाराष्ट्रातच येणार. देव तेच, सण तेच, मराठी तिथे घरोघर वाचली जाते. 16 जानेवारी 1967 ला तिथल्या लोकांचे मत घेतले. 1,38,170 मते महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने पडली आणि 1,72,191 मते वेगळे राहण्याच्या बाजूने. गोव्याने आपले वेगळे घर मांडले, आणि 30 मे 1987 ला ते राज्य झाले. कोणाकोणाला तेव्हा वाईट वाटले, आजही वाटते. मला वाटते, वाईट वाटून घेऊ नये. जाच सोसून सुटलेल्या मुलीला आपण घरी आणले, तर पुढे कुठे राहायचे हे तिनेच ठरवावे. "आम्ही तुझ्यासाठी इतके केले, आता आमचेच ऐक," असे म्हटले तर ती एका जाचातून सुटून दुसऱ्या उपकारात अडकली. आपण विदर्भातल्या बायका हे चटकन समजू शकतो. आपण कोणाबरोबर राहायचे, यावर आपल्याकडेही किती वर्षे वाद चालले आहेत! मंडळ राजकारणात पडत नाही, मीही पडत नाही. एवढेच म्हणते की स्वातंत्र्य म्हणजे आपले आपण ठरविणे, आणि ते दुसऱ्याने आपल्या मनाविरुद्ध ठरविले तरी मान्य करणे.

भगिनींनो, नुसते ऐकून घरी जाऊ नये म्हणून दोन सूचना करते. आपल्या मंडळाची सहल गोव्याला न्यावी अशी चर्चा अधूनमधून होते. जरूर नेऊ, समुद्रही पाहू. पण बांद्याकडून गोव्यात शिरताना पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी गाडी थांबवू आणि प्रत्येकीने एक फूल ठेवू. मडगावचे लोहिया मैदान पाहू. आग्वादच्या किल्ल्यातला तुरुंग पाहू, जिथे स्वातंत्र्यसैनिकांना डांबले होते.

दुसरी सूचना इथलीच. चिमूर आपल्यापासून किती दूर? 1942 च्या ऑगस्टमध्ये तिथे बायकांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी व्हावी म्हणून भन्साळींनी त्रेसष्ट दिवस उपोषण केले. त्या पिढीतल्या बायका आता जवळजवळ राहिल्या नाहीत, पण त्यांच्या लेकीसुना आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात आहेत. आपल्या सासूने, आजीने काय सांगितले होते, ते प्रत्येकीने एका वहीत लिहून मंडळाकडे द्यावे. शुद्धलेखनाची भीती बाळगू नये, मीही बाळगलेली नाही. पुरुषांनी केलेले पुस्तकात येते. बायकांनी केलेले बायकांनी लिहून ठेवले नाही, तर ते आपल्याबरोबरच जाते.

 सुधाताई, वत्सलाताई, सहोद्राबाई, लिबियाताई आणि ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत, त्या सगळ्या माउलींना नमस्कार करून मी आपली रजा घेते.

जय हिंद.